अर्थ, विंड अँड फायर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर महिना लागला की या अमेरिकी बँडचं 'सप्टेंबर' हे गाणं सगळीकडे वाजू लागतं. पाठोपाठ तेच ते प्रश्न येतात: हे लोक कोण, गाणं कुठल्या अल्बममधलं, अजून वाजवतात का, आम्हाला वाजवता येईल का. उत्तरं खाली आहेत. वाजवणाऱ्यांसाठीचा भाग थोडा मोठा झालाय, ऐकणाऱ्यांनी तो सरळ ओलांडावा.

बँड मूळचा कुठला?

मुळं शिकागोची, नाव आणि नाव कमावणं लॉस एंजेलिसचं. १९६९ मध्ये ड्रमवादक मॉरिस व्हाइटने शिकागोत वेड फ्लेमन्स आणि डॉन व्हाइटहेड या दोघांबरोबर 'सॉल्टी पेपर्स' नावाचा गट काढला. कॅपिटल कंपनीकडून त्यांची 'ला ला टाइम' ही तबकडी निघाली आणि अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात बऱ्यापैकी चालली. पुढची पडली. १९७० मध्ये मॉरिस लॉस एंजेलिसला गेला, धाकटा सावत्र भाऊ व्हर्डीन व्हाइट याला बास गिटार घेऊन तिकडे बोलावलं आणि गटाचं नाव बदललं.

नावात पृथ्वी, वारा आणि अग्नी आहेत. पाणी कुठे गेलं?

मॉरिसच्या पत्रिकेत नव्हतं, म्हणून नावात नाही. त्याचा जन्म १९ डिसेंबर १९४१ चा, म्हणजे पाश्चात्त्य ज्योतिषाप्रमाणे धनू रास. त्या पद्धतीत चारच तत्त्वं धरतात. त्याच्या पत्रिकेत अग्नी मुख्य, जोडीला पृथ्वी आणि वायू. आपल्या पंचमहाभूतांशी याचा संबंध जोडणारे मजकूर फिरत असतात, त्यात तथ्य नाही.

बँड काढण्याआधी मॉरिस व्हाइट काय करत होता?

नोकरीवजा वादन. पुढचं बरंचसं याच काळाने घडवलं.

तो मेम्फिसचा. तिथे शाळकरी वयात बुकर टी. जोन्सबरोबर वाजवायचा. हाच बुकर टी. पुढे सोल संगीतातला मोठा ऑर्गनवादक झाला. मॉरिस शिकागोला आला आणि चेस रेकॉर्ड्सच्या स्टुडिओत ड्रमवादक म्हणून लागला. अशा ठिकाणी सकाळी एका गायकाचं ब्लूज, दुपारी दुसऱ्याचं सोल असं वाजवावं लागतं. स्वतःचं कसब दाखवायला वाव नसतो, गाणं सावरायचं असतं. गायिका फोंटेला बासचं १९६५ सालचं 'रेस्क्यू मी' ऐका. ड्रमवर मॉरिस आहे आणि बासवर लुई सॅटरफिल्ड. सॅटरफिल्ड पुढे ट्रॉम्बोन घेऊन याच बँडच्या फुंकवाद्यांत आला. व्हर्डीनला बास शिकवणाराही तोच.

१९६६ ते १९६९ मॉरिस पियानोवादक रॅम्सी लुईसच्या जॅझ त्रयीत होता. गर्दीला आवडेल असं जॅझ कसं वाजवायचं, कार्यक्रमात चढ-उतार कुठे ठेवायचे, दौरा कसा चालवायचा, हे तो तिथे शिकला. कलिंबा हे अंगठ्यांनी धातूच्या पट्ट्या छेडून वाजवायचं आफ्रिकी वाद्यही त्याने याच काळात हातात घेतलं. १९६९ मध्ये लुईसच्या तबकडीवर 'उहुरू' या रचनेत ते ऐकू येतं.

पहिल्या दोन अल्बममधले वादक पुढे दिसत का नाहीत?

कारण तो जवळजवळ वेगळाच बँड होता. वॉर्नर ब्रदर्सकडून १९७१ मध्ये दोन अल्बम आले, त्याच वर्षी दिग्दर्शक मेल्विन व्हॅन पीबल्सच्या सिनेमाचं संगीतही केलं. पण विक्री बेताची राहिली आणि फळी फुटली. मॉरिस आणि व्हर्डीन उरले.

१९७२ ची नवी फळी तरुण होती. डेन्व्हरहून गायक फिलिप बेली आणि कीबोर्डवादक लॅरी डन आले, ड्रमसाठी राल्फ जॉन्सन आला. कोलंबिया कंपनीचा प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस याने त्यांना कंपनीत घेतलं. १९७३ च्या आसपास गिटारवर अल मॅके आणि जॉनी ग्रॅहम, सॅक्सोफोनवर अँड्र्यू वूलफोक आले. वूलफोकही डेन्व्हरचाच. १९७४ मध्ये व्हाइट बंधूंतला आणखी धाकटा फ्रेड ड्रमवर बसला. तो आल्यावर मॉरिस ड्रममागून उठून पुढे गायला मोकळा झाला. आज ज्याला लोक 'अस्सल फळी' म्हणतात ती हीच.

चार्ल्स स्टेपनीचं नाव जाणकार एवढं का घेतात?

स्टेपनी चेस कंपनीतला संगीत संयोजक. पियानो आणि व्हायब्राफोन वाजवणारा, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा अभ्यास असलेला. मॉरिसची ओळख तिथलीच. १९७४ च्या 'ओपन अवर आइज'पासून तो या बँडबरोबर काम करू लागला.

त्याने काय केलं ते ऐकून समजतं. 'दॅट्स द वे ऑफ द वर्ल्ड' हे गाणं लावा. सुरुवातीला ठेका अगदी संथ आहे, फुंकवाद्यं दबलेल्या आवाजात सूर धरून बसलेली, तंतुवाद्यं मागून येतात. प्रत्येक जण थोडंच वाजवतो आणि दुसऱ्याची जागा मोकळी सोडतो. दहाएक माणसांचा बँड असूनही गिचमिड होत नाही तो त्यामुळे. कंठस्वर एकावर एक रचण्याची, म्हणजे त्याच गायकाकडून वेगवेगळे सूर पुन्हापुन्हा ध्वनिमुद्रित करून घेण्याची पद्धतही त्याने पक्की केली.

१७ मे १९७६ रोजी स्टेपनी गेला. 'स्पिरिट' अल्बमचं काम तेव्हा चालू होतं. पुढच्या तबकड्यांत टॉम टॉम ८४ या नावाने काम करणारा टॉम वॉशिंग्टन आणि इतर संयोजक आले. त्यांची फुंकवाद्यं जास्त लखलखीत आहेत. आमच्या मते बँडचा नाच स्टेपनीनंतर वाढला आणि खोली त्याच्याबरोबर होती तेवढी पुन्हा सलग मिळाली नाही. हे मत आहे, 'ऑल एन ऑल' या नंतरच्या अल्बमचे चाहते ते मानणार नाहीत.

१९७५ चा गाजलेला 'दॅट्स द वे ऑफ द वर्ल्ड' अल्बम सिनेमाचं संगीत आहे म्हणतात. मग सिनेमा कुठे आहे?

होता. सिग शोरचा 'दॅट्स द वे ऑफ द वर्ल्ड', हार्वी कायटेल त्यात ध्वनिमुद्रण निर्माता झालाय आणि हा बँड पडद्यावर 'द ग्रुप' नावाच्या बँडची भूमिका करतो. सिनेमा आपटणार हे बँडला आधीच कळून चुकलं, म्हणून अल्बम सिनेमाच्या आधी बाजारात आणला. सिनेमा गेला, अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचला, त्यातलं 'शायनिंग स्टार'ही पहिल्या क्रमांकावर.

हे काम कोलोरॅडोच्या डोंगरातल्या कॅरिबू रँच स्टुडिओत झालं. 'शायनिंग स्टार' हेडफोनवर ऐका आणि शेवटाकडे लक्ष ठेवा: वाद्यं गळतात, नुसते आवाज उरतात आणि त्यांच्यावरची घुमही एकदम काढून टाकली जाते. गायक कानाशी आल्यासारखे वाटतात. ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळणारा जॉर्ज मॅसनबर्ग हा पॅरामेट्रिक इक्वलायझरच्या, म्हणजे आवाजातला हवा तो पट्टा निवडून कमी-जास्त करणाऱ्या साधनाच्या, जनकांपैकी एक. आज प्रत्येक मिक्सिंग सॉफ्टवेअरमध्ये जो इक्वलायझर दिसतो, त्याची संकल्पना त्याने १९७२ च्या निबंधात मांडली होती.

हे फंक, सोल, जॅझ की डिस्को?

गाण्यागणिक बदलतं. 'शायनिंग स्टार' फंक आहे: पहिल्या मात्रेवर वजन, गिटार आणि बास तुटक, मधल्या रिकाम्या जागांतून ठेका उभा राहतो. 'रीझन्स' सोल. 'बूगी वंडरलँड' सरळ डिस्को, प्रत्येक मात्रेवर पायाचा ड्रम. 'सप्टेंबर'मध्येही पायाचा ड्रम चारही मात्रांवर आहे, पण वरची गिटार फंकची आणि कॉर्ड जॅझकडे झुकलेल्या, म्हणून ते नुसतं डिस्को वाटत नाही. १९७९ नंतर अमेरिकेत डिस्कोविरुद्ध लाट आली तरी हा बँड तग धरून राहिला, त्याचं एक कारण हे असावं.

'सप्टेंबर' कुठल्या अल्बममध्ये सापडेल?

सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. ते कुठल्याही नियमित स्टुडिओ अल्बमसाठी निघालेलं नाही. नोव्हेंबर १९७८ मध्ये सुटी तबकडी म्हणून आलं आणि त्याच सुमाराच्या 'द बेस्ट ऑफ अर्थ, विंड अँड फायर, व्हॉल्यूम १' या संग्रहात घातलं गेलं. जुन्या तबकड्यांच्या दुकानात 'ऑल एन ऑल' किंवा 'आय अ‍ॅम' उचलून त्यात 'सप्टेंबर' शोधणारे निराश होतात. बीटल्सच्या 'गॉट टू गेट यू इंटू माय लाइफ'चा त्यांनी केलेला नवा अवतारही याच संग्रहात आहे.

ऑनलाइन ऐकताना प्रकाशनाचं वर्ष आणि गाण्याच्या नावापुढचे शब्द वाचा. थेट कार्यक्रमातली, रीमिक्स केलेली आणि दुसऱ्याच गायकांनी गायलेली रूपं पुष्कळ आहेत. मूळ गाणं साडेतीन मिनिटांच्या आसपास आहे.

'सप्टेंबर'च्या शब्दांत २१ तारीखच का?

मॉरिस, अल मॅके आणि गीतकार अ‍ॅली विलिस यांनी हे गाणं लिहिलं. विलिसने अनेकदा सांगितलं आहे की वेगवेगळ्या तारखा गाऊन पाहिल्या आणि २१ तोंडात सगळ्यात छान बसली. ध्रुवपदातल्या 'बा-डी-या'ला अर्थ नाही. विलिस तिथे खरे शब्द घालायला मागत होती, मॉरिसने ऐकलं नाही. ठेक्याच्या आड शब्द येऊ द्यायचे नाहीत, हा धडा त्यातून मिळाला असं ती सांगे.

अमेरिकेच्या मुख्य यादीत गाणं आठव्या क्रमांकापर्यंत गेलं, आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) यादीत पहिलं, ब्रिटनमध्ये तिसरं.

'रीझन्स' लग्नात लावावं का?

सूर लग्नाचे आहेत, शब्द नाहीत. गाणं एका रात्रीच्या ओढीबद्दल आहे आणि सकाळ झाल्यावर काय उरतं त्याबद्दल. फिलिप बेलीलाही लोक हे गाणं लग्नात का लावतात याची गंमत वाटते. तरी लावायचंच असेल तर 'ग्रॅटिट्यूड' अल्बममधलं थेट कार्यक्रमाचं लावा, त्यात डॉन मायरिकचा आल्टो सॅक्सोफोन आहे. बेलीचा वरचा आवाज आणि तो सॅक्स एकमेकांना उत्तरं देतात, तो भाग ऐकायला चुकवू नये.

फिनिक्स हॉर्न्स म्हणजे कोण?

बँडची फुंकवाद्यांची तुकडी: डॉन मायरिक सॅक्सोफोनवर, लुई सॅटरफिल्ड ट्रॉम्बोनवर, राहम्ली मायकेल डेव्हिस आणि मायकेल हॅरिस ट्रम्पेटवर. मायरिक आणि सॅटरफिल्ड शिकागोच्या 'द फॅरोज' गटातले. ब्रिटिश गायक फिल कॉलिन्सच्या १९८१ च्या 'फेस व्हॅल्यू'मध्ये आणि त्याच्या जेनेसिस बँडच्या 'नो रिप्लाय अ‍ॅट ऑल'मध्ये जी झणझणीत फुंकवाद्यं आहेत, ती यांचीच. १९९३ मध्ये सँटा मोनिकाच्या पोलिसाच्या गोळीने मायरिकचा मृत्यू झाला.

आमच्या बँडला 'सप्टेंबर' वाजवायचं आहे. अडचण कुठे येते?

पट्टीत. मूळ गाणं ए मेजरमध्ये, आपल्या भाषेत पांढरी सहा. गिटारवाल्याला सोपं, फुंकवाद्यांना त्रासाचं. बी फ्लॅट ट्रम्पेट आणि टेनर सॅक्ससाठी ते बी मेजर होतं, म्हणजे पाच शार्प. ई फ्लॅट आल्टो सॅक्ससाठी एफ शार्प मेजर, सहा शार्प. सराव नसलेले वादक पहिल्याच ओळीत अडखळतात आणि दोष ठेक्याला देतात.

उपाय दोन. अर्धा सूर खाली उतरा, म्हणजे ए फ्लॅट, काळी चार. ट्रम्पेटला दोन फ्लॅट, आल्टोला एक. गायकालाही आराम. गिटार आणि बास सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून लावतील, बोटं मूळ जागीच राहतील. किंवा अर्धा सूर वर चढा, बी फ्लॅट, काळी पाच. ट्रम्पेटला एकही शार्प-फ्लॅट नाही, आल्टोला एकच शार्प. पण मग वरचे सूर गाणारा तयारीचा हवा. बहुतेक ठिकाणी खाली उतरणं शहाणपणाचं.

लय मिनिटाला सुमारे १२६. सराव ९० वर सुरू करा, सगळ्यांची पहिली मात्रा एकत्र पडू लागली की पाच-पाचने वाढवा. कार्यक्रमात उत्साहाने लय १३५ च्या वर जाते आणि गिटारचे सोळावे भाग चुरगळतात. ड्रमवाल्याच्या कानात मेट्रोनोम देता आला तर द्या.

गिटार: जाड तारा सोडून द्या, वरच्या तीन-चार तारांवरच वाजवा. उजवा हात थांबवायचा नाही, तो वर-खाली चालूच ठेवायचा. डाव्या हाताची पकड सैल करून नको ते सूर मारायचे. अल मॅकेच्या वादनात आवाजापेक्षा ही गप्प जागा जास्त मोलाची आहे. ध्वनी स्वच्छ ठेवा, डिस्टॉर्शन बंद.

फुंकवाद्यं: सूर कधी सुरू करायचा हे सगळे बघतात, कधी तोडायचा हे कुणी ठरवत नाही. लेझीम पथकात एकाचा ठोका मागे राहिला की सगळी ओळ विस्कटलेली दिसते, तसं इथे होतं. प्रत्येक सुराचा शेवट कागदावर मात्रेनिशी लिहा. तीनच वादक मिळाले तर ट्रम्पेट, टेनर आणि ट्रॉम्बोन ठेवा. मुंबई-गोव्यात लग्नसमारंभांच्या बँडमध्ये आणि चर्चच्या वाद्यवृंदांत ट्रम्पेट-ट्रॉम्बोन वाजवणारे चांगले लोक आहेत, पण त्यांना आपापल्या वाद्याच्या पट्टीत लिहिलेला कागद आठवडाभर आधी द्या. ऐनवेळी फोनवर गाणं ऐकवून काम होत नाही.

गाणं: मॉरिसचा आवाज मधल्या पट्टीतला, बेलीचा फॉल्सेटो, म्हणजे छातीचा जोर सोडून वर लावलेला हलका आवाज. सगळ्यात मोठी चूक म्हणजे वरचे सूर ओरडून गाणं. दुसऱ्या गाण्यापर्यंत घसा बसतो. एक गायक आणि एक गायिका अशी वाटणी केली तर हा प्रश्नच राहत नाही.

कलिंबा घ्यायचा आहे. काय बघावं?

मॉरिस जो वाजवायचा तो दक्षिण आफ्रिकेतल्या ह्यू ट्रेसीने १९५० च्या दशकात विकायला सुरू केलेल्या बनावटीचा. झिम्बाब्वेतल्या शोना लोकांच्या म्बिरा आणि तशा वाद्यांवरून ट्रेसीने तो बेतला. मॉरिसने त्याला पिकअप लावून तो विजेवर वाजवला, नाहीतर एवढ्या मोठ्या बँडमध्ये तो ऐकूच आला नसता. 'ईव्हिल' आणि 'कलिंबा स्टोरी' ही दोन गाणी त्यासाठी ऐका.

भारतात ऑनलाइन मिळतो तो बहुतेक १७ पट्ट्यांचा, सी मेजरमध्ये, म्हणजे पांढरी एक. सगळ्यात लांब पट्टी मध्यभागी, तो सा. त्याच्या डावीकडची पट्टी रे, उजवीकडची ग, मग डावीकडे म, उजवीकडे प, डावीकडे ध, उजवीकडे नी आणि पुन्हा डावीकडे वरचा सा. म्हणजे सप्तक आळीपाळीने दोन्ही अंगठ्यांत वाटलेलं. पेटीची सवय असलेल्यांना पहिले काही दिवस चुकल्यासारखं होतं.

वाद्य घरी येतं तेव्हा बहुधा बेसूर असतं, वाहतुकीत पट्ट्या सरकतात. फोनवरचा ट्यूनर लावा. सूर खाली असेल तर सोबतच्या छोट्या हातोडीने पट्टी टोकाकडून आत ठोका, तिची मोकळी लांबी कमी होते आणि सूर चढतो. चढा असेल तर पलीकडून ठोकून बाहेर काढा. एका वेळी केसभर. पट्टी झणझणत असेल तर ती किंचित डावी-उजवीकडे सरकवून पाहा, तेवढ्याने नाही झालं तर पट्टी आणि खालच्या आडव्या कांबीमध्ये कागदाचा बारीक तुकडा सरकवा. कडेच्या सगळ्यात आखूड पट्ट्या ठोकळ्यासारख्या वाजतात. आखूड पट्टी ताठ असते, तिची थरथर लगेच विरते. स्वस्त वाद्यात हे चालायचंच, बदलून मागू नका.

'सप्टेंबर'च्या मूळ पट्टीत वाजवायचं असेल तर सी, एफ आणि जी या सुरांच्या सगळ्या पट्ट्या अर्धा सूर चढवाव्या लागतात. १७ पैकी सात: तीन सी, दोन एफ, दोन जी. रोज उलटसुलट ठोकत बसलात तर पट्ट्यांची पकड सैल होते. दुसरा स्वस्त कलिंबा घेऊन तो कायमचा ए मध्ये लावून ठेवणं बरं.

कार्यक्रमात जादूचे प्रयोग खरंच व्हायचे?

हो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जादूगार डग हेनिंग त्यांच्यासाठी प्रयोग रचायचा आणि जॉर्ज फेझन नृत्य-हालचाली बसवायचा. व्हर्डीन बास वाजवत मंचावरून हवेत उचलला जायचा, वादक पिरॅमिडमध्ये शिरून नाहीसे व्हायचे. इजिप्तची चिन्हं मॉरिसच्या आवडीची. 'ऑल एन ऑल', 'आय अ‍ॅम' आणि 'रेझ!'ची मुखपृष्ठं जपानी चित्रकार शुसेई नागाओकाची आहेत आणि मंच त्याच दुनियेतला दिसायचा. खर्च अफाट असे.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

'दॅट्स द वे ऑफ द वर्ल्ड' पूर्ण. मग 'ऑल एन ऑल', जो मॉरिसने अर्जेंटिना-ब्राझीलच्या प्रवासानंतर केला. मिल्टन नासिमेंतोच्या सुरावटीचा तुकडा त्यात आहे. मग 'ग्रॅटिट्यूड', थेट कार्यक्रमांसाठी. 'आफ्टर द लव्ह हॅज गॉन' आवडत असेल तर 'आय अ‍ॅम'. १९८० चा दुहेरी 'फेसेस' शेवटी ठेवा, लांबलाय पण वादन पहिल्या दर्जाचं.

बँडच्या नावावर नसलेलं पण त्यांचंच म्हणावं असंही बरंच आहे. रॅम्सी लुईसचा १९७४ चा 'सन गॉडेस'. द इमोशन्सचं १९७७ सालचं 'बेस्ट ऑफ माय लव्ह', जे मॉरिस आणि अल मॅके यांनी लिहिलं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

१९८० नंतर काय बिघडलं?

एकदम काही नाही. १९८१ च्या 'लेट्स ग्रूव्ह'ने तिसरा क्रमांक गाठला, व्होकोडरचा यांत्रिक आवाज त्यात झकास बसलाय. पण अल मॅके बँड सोडून गेला होता. १९८३ च्या 'इलेक्ट्रिक युनिव्हर्स'मध्ये सिंथेसायझर पुढे आला आणि फिनिक्स हॉर्न्सना बाहेर ठेवलं. या बँडचा श्वास फुंकवाद्यांत होता, तोच काढला, अल्बम पडला. मॉरिसने बँडचं काम थांबवलं. बेलीने फिल कॉलिन्सबरोबर 'ईझी लव्हर' गाऊन स्वतंत्र यश मिळवलं. १९८७ मध्ये 'टच द वर्ल्ड'ने बँड परतला, त्यातलं 'सिस्टिम ऑफ सर्व्हायव्हल' आर अँड बी यादीत पहिलं आलं.

मॉरिस मंचावर येणं का थांबला?

कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स. निदान १९९२ मध्ये झालं, दोनेक वर्षांत दौरे बंद केले, स्टुडिओतलं काम चालू ठेवलं. आजार जाहीर केला तो २००० मध्ये, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडची निवड झाली तेव्हा. त्या रात्री जुन्या फळीतले नऊ जण एकत्र वाजवायला उभे राहिले. मॉरिस फेब्रुवारी २०१६ मध्ये गेला, वयाच्या ७४ व्या वर्षी. वूलफोक २०२२ मध्ये, फ्रेड व्हाइट १ जानेवारी २०२३ रोजी.

मोठे सन्मान कोणते?

सहा ग्रॅमी, २०१६ मध्ये ग्रॅमीचा जीवनगौरव, २०१९ मध्ये केनेडी सेंटर सन्मान. 'सप्टेंबर' अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदीत २०१८ च्या यादीत आलं.

आजच्या पिढीपर्यंत ही गाणी पोचली कशी?

बरीचशी सिनेमांतून. 'द इनटचेबल्स' या २०११ च्या फ्रेंच सिनेमाची सुरुवात भरधाव गाडीत 'सप्टेंबर' लावून होते आणि पुढे 'बूगी वंडरलँड'वर नाच आहे. युरोपातल्या एका अख्ख्या पिढीला बँड तिथून कळला. हिप-हॉपवाल्यांनी तुकडे उचलले. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टने 'ब्राझिलियन ऱ्हाइम' वापरलं. विनोदकार डेमी अडेजुयिग्बे २०१६ पासून काही वर्षं दर २१ सप्टेंबरला या गाण्यावर चित्रफीत काढायचा, दर वर्षी आधीपेक्षा अचाट, आणि त्यातून सामाजिक कामांना पैसे उभे करायचा. यामुळे 'सप्टेंबर' अमर झालं, आणि बाकीची गाणी थोडी त्याच्या सावलीत गेली.

आता बँडमध्ये जुने कोण आहेत? तिकीट काढताना काय पाहावं?

फिलिप बेली, व्हर्डीन व्हाइट आणि राल्फ जॉन्सन. बाकी नवी फळी, त्यात बेलीचा मुलगाही आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये ते लायनल रिचीबरोबर दौऱ्यावर होते.

परदेशात असलेल्यांनी जाहिरातीतलं नाव पूर्ण वाचावं. 'एक्सपीरिअन्स फीचरिंग अल मॅके' असं असेल तर तो अल मॅकेचा स्वतंत्र गट आहे. वादन उत्तम, पण बेली आणि व्हर्डीन त्यात नसतात. 'लेगसी रीयुनियन' अशा नावाने कार्यक्रम विकणाऱ्या एका मंडळाविरुद्ध मूळ बँड न्यायालयात गेला आणि २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या संघीय न्यायालयाने निकाल बँडच्या बाजूने दिला. नावाच्या आधी किंवा नंतर 'ट्रिब्यूट', 'लेगसी', 'म्युझिक ऑफ' यांपैकी काहीही जोडलेलं दिसलं तर पैसे भरण्याआधी बँडच्या अधिकृत संकेतस्थळावरची कार्यक्रमांची यादी उघडा, आणि त्या शहराची तारीख तिथे नसेल तर दुसऱ्याच कुणाचा कार्यक्रम आहे असं धरून चाला.